लाकूड कातायला मोठा लेथ घ्यायचाय? इंच आणि हॉर्सपॉवरच्या आधी हे बघा

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. सालीसकट असलेला ओबडधोबड ओंडका यंत्रावर गरगर फिरतो, समोरचा माणूस त्याला पटाशी लावतो, ढलप्यांचा पाऊस पडतो आणि दोन मिनिटांत त्यातून चकचकीत वाडगा बाहेर येतो. हे पाहून बऱ्याच जणांनी घरी छोटा लेथ आणला. पेनं झाली, भोवरे झाले, नातेवाइकांना लाटणी वाटून झाली. मग एक दिवस दहा इंचांचा ओल्या आंब्याचा ठोकळा चढवला, बटण दाबलं आणि यंत्र टेबलासकट चालायला लागलं.

पुढचा लेथ घ्यायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात याच दिवशी येतो. पण बाजारात गेलं की समोर येतात ते आकडे असतात इंचांचे, हॉर्सपॉवरचे आणि जास्तीत जास्त वेगाचे. ठोकळा ज्यामुळे थरथरला त्याच्याशी यातल्या एकाही आकड्याचा फारसा संबंध नसतो. त्यामुळे दुप्पट-तिप्पट पैसे मोजूनही तीच थरथर घरी आणलेली माणसं सापडतात.

जाता जाता एक गोष्ट. सूत कातणं आणि लाकूड कातणं या दोन्हींसाठी मराठीत एकच क्रियापद आहे. लाकूड कातणारा तो कातारी. पूर्वी हे काम जमिनीवर बसून चालायचं. एक जण दोरी किंवा पट्टा पुढेमागे ओढून लाकूड फिरवायचा आणि दुसरा हत्यार धरायचा. पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे कातीव खांब, सावंतवाडीच्या लाखकामाच्या वस्तू ही सगळी कातकामाचीच मंडळी. मोटर आली आणि दोरी ओढणारा गेला, बाकी तत्त्व तेच राहिलं.

‘मधला लेथ’ म्हणजे नेमका कोणता?

लाकडाच्या लेथची ढोबळ विभागणी ‘स्विंग’वरून होते. स्विंग म्हणजे यंत्रावर फिरू शकेल अशा वस्तूचा जास्तीत जास्त व्यास. आठ ते दहा इंचांचा तो मिनी. बारा ते चौदा इंचांचा, एक हॉर्सपॉवरच्या आसपासचा तो मिडी. सोळा-अठरा इंच, दीड ते दोन हॉर्सपॉवर आणि स्वतःच्या बिडाच्या पायांवर उभा राहणारा लेथ त्याच्या वरचा. वीस इंच आणि त्यापुढची यंत्रं बहुतेक व्यावसायिक कारागिरांकडे असतात.

छोट्या लेथवरून वर जाणाऱ्याची नजर साधारण बारा ते अठरा इंचांच्या पट्ट्यात असते. अमेरिकेत या यंत्रांची किंमत साधारण हजार डॉलरपासून तीन-साडेतीन हजार डॉलरपर्यंत जाते. भारतात आणायचं तर त्यावर वाहतूक, आयात शुल्क आणि विक्रेत्याचा नफा चढतो. म्हणजे आकडा लाखांत जातो. छंदासाठी ही रक्कम लहान नाही.

आधी एक कटू प्रश्न

हत्यार अडकतं, लाकडावर खरवडे येतात, कड तुटते, ही लेथ बदलण्याची कारणं नाहीत. दहातल्या सात-आठ वेळा दोष धारेत असतो. बोथट पटाशी कापत नाही, ती लाकूड ओरबाडते. आणि बोथट पटाशी दोन हॉर्सपॉवरच्या यंत्रावर लावली तर ती जास्त जोराने ओरबाडते. छोट्या लेथची मोटर अडकली की थांबते, मोठ्या लेथची थांबत नाही, ती हत्यार हातातून हिसकावून घेते.

पेनं, भोवरे, बुद्धिबळाच्या सोंगट्या, बाटलीची बुचं, लाटणी एवढंच करायचं असेल तर चांगला मिनी लेथ आयुष्यभर पुरतो. लाटण्यासारख्या लांब कामाला मिनी लेथ आखूड पडला, तर बऱ्याच कंपन्यांच्या बेडला जोडायचा वाढीव तुकडा मिळतो. तो यंत्र बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

खरं कारण एकच म्हणता येईल. तुमची धार व्यवस्थित आहे, ठोकळा शक्य तितका गोल कापून घेतलाय, तरीही आठ-दहा इंचांच्या कामाला यंत्र थरथरतं किंवा मोटर दम सोडते. असं असेल तर पुढे वाचा.

थरथर येते कुठून?

ताज्या ओंडक्यातून कापलेला ठोकळा कधीच सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो. एका बाजूला गाठ असते, एका बाजूला साल, एका बाजूला ओल जास्त. त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून थोडा बाजूला पडतो. हा ‘थोडा’ किती महागात पडतो ते बघा.

चार किलोचा ठोकळा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य फक्त ५ मिलिमीटर बाजूला आहे. मिनिटाला ६०० फेऱ्यांना हा ठोकळा लेथला साधारण ८ किलो वजनाच्या जोराने ओढतो, आणि या ओढीची दिशा सेकंदाला दहा वेळा पूर्ण फिरते. आता वेग दुप्पट करून १२०० फेऱ्यांवर न्या. जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे साधारण ३२ किलो, आणि तेही सेकंदाला वीस वेळा.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, या ओढीला तोंड द्यायला यंत्र जड हवं. दुसरी, ठोकळा गोल होईपर्यंत यंत्र सावकाश फिरायला हवं. लेथच्या निवडीत या दोन गोष्टींचं वजन बाकी सगळ्यांपेक्षा जास्त धरावं.

वजनाचा आकडा माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत असतो, कारण विकणाऱ्याला तो आकर्षक वाटत नाही. बारा इंचांचा चांगला बिडाचा मिडी लेथ स्टँडशिवाय ५०-५५ किलो भरतो. तेवढ्याच स्विंगचा, पण पत्र्याचा किंवा पोलादी नळ्यांचा बेड असलेला लेथ बराच हलका असू शकतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. बीड नुसतं जड नसतं, ते हादरे पोटात घालतं. पोलादी नळी मात्र घंटेसारखी वाजत राहते.

यंत्र हलकं असेल तर स्टँडला खाली फळी ठोकून त्यावर वाळूची पोती ठेवतात. एक घनफूट कोरडी वाळू साधारण ४५ किलो भरते. दोन पोत्यांत यंत्राचं वजन दुप्पट झाल्यासारखं होतं, खर्च काहीशे रुपये. नवीन लेथ घेण्याआधी आहे त्या लेथला हा उपाय करून बघावा. काही जणांचं काम इथेच भागतं.

जास्तीत जास्त वेग विसरा, कमीत कमी बघा

माहितीपत्रकावर ‘३८०० आरपीएम’ ठळक अक्षरांत असतं. इतका वेग फक्त पेनासारख्या बारीक कामाला लागतो. वाडग्याच्या कामात खरा प्रश्न असतो तो यंत्र किती हळू फिरू शकतं याचा.

कातकाम करणाऱ्यांत एक जुना ढोबळ नियम वापरला जातो. वस्तूचा इंचांतला व्यास गुणिले आरपीएम हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. तीन इंचांच्या वस्तूला २००० ते ३०००, बारा इंचांच्या वाडग्याला ५०० ते ७५०. आणि हे गोल झालेल्या, तोल साधलेल्या लाकडासाठी. ओबडधोबड ठोकळ्याला सुरुवात याच्याही बरीच खाली करावी लागते, दोनशे-तीनशेला.

बारा इंचांचा वाडगा १००० आरपीएमवर फिरत असेल तर त्याची कड ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास पळत असते. त्यात न दिसलेली भेग असेल आणि तुकडा सुटला, तर तो तेवढ्याच वेगाने सुटतो. अशा तुकड्यांनी जबडे मोडले आहेत, डोळे गेले आहेत आणि अनुभवी माणसांचे जीवही गेले आहेत.

आता दोन प्रत्यक्ष यंत्रं शेजारी ठेवून बघू. जेट कंपनीचा जेडब्ल्यूएल-१२२१व्हीएस आणि रायकॉनचा ७०-२२०व्हीएसआर, दोन्ही बारा-साडेबारा इंचांचे, दोन्ही एक हॉर्सपॉवरचे, दोन्हींचा वेग कमीजास्त करता येतो. जेट ६० आरपीएमपर्यंत खाली येतो, रायकॉन २५० पर्यंत. वरचा आकडा रायकॉनचा थोडा मोठा आहे. पेनं आणि डबे करणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण वाकडे ठोकळे चढवणाऱ्याला, पॉलिश करणाऱ्याला किंवा काचपेपर मारताना लाकूड तापू नये असं वाटणाऱ्याला खालच्या वेगाची किंमत कळते.

जुन्या बाजारात ‘रीव्ह्ज ड्राइव्ह’ असलेले लेथ स्वस्तात मिळतात. त्यात दोन शंकूसारख्या पुली जवळ-लांब होऊन वेग बदलतो. कल्पना चांगली आहे, पण अशा बऱ्याच यंत्रांचा सर्वांत कमी वेग पाचशेच्या आसपास असतो आणि वेग यंत्र चालू असतानाच बदलावा लागतो. दहा इंचांच्या ओल्या ठोकळ्याला पहिल्याच क्षणी पाचशे हा वेग जास्त आहे. मोठे वाडगे करायचे असतील तर हे यंत्र स्वस्त असलं तरी नको.

हॉर्सपॉवरची गंमत

एक हॉर्सपॉवरचा लेथ प्रत्येक वेगाला एक हॉर्सपॉवर देतो असं समजणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने मोटरचा वेग कमी केला की तिची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. वेग एक तृतीयांश केला की हाताशी साधारण एक तृतीयांश हॉर्सपॉवरच उरते.

म्हणूनच चांगल्या लेथमध्ये वेगाच्या खुंटीबरोबरच दोन किंवा तीन टप्प्यांच्या पुलीही असतात. सायकलच्या गिअरसारखं हे काम चालतं. पट्टा खालच्या टप्प्यावर टाकला की मोटर आपल्या सोयीच्या वेगाने पळते आणि लाकूड मात्र सावकाश, पण जोराने फिरतं. हिशेब करायचा तर ६०० आरपीएमला पूर्ण एक हॉर्सपॉवर मिळाली, तर बारा इंचांच्या वाडग्याच्या कडेला हत्यारावर साधारण ८ किलोचा जोर मिळतो. वरच्या टप्प्यावर पट्टा ठेवून खुंटीनेच वेग ६०० वर आणला, तर तो तीनच्या आत येऊ शकतो. मग माणूस म्हणतो, ‘मोटरमध्ये दम नाही.’ मोटर ठीक असते, पट्टा चुकीच्या जागी असतो. आपला सध्याचा लेथ विकण्याआधी हेही एकदा तपासावं.

पट्टा बदलायचं झाकण पटकन उघडतं का, पट्टा बोटांनी सरकवता येतो का, हे दुकानात स्वतः करून बघा. जिथे पाना-स्क्रूड्रायव्हर लागतो तिथे आठवड्याभरात कंटाळा येतो आणि पट्टा कायमचा एकाच जागी राहतो.

न्यूझीलंडच्या टेकनाटूल कंपनीच्या नोव्हा या नावाच्या लेथमध्ये दोन टोकं सापडतात. नोव्हा १६२४ मध्ये दीड हॉर्सपॉवरची मोटर आणि आठ टप्प्यांच्या पुली आहेत, सर्वांत कमी वेग २१५ च्या आसपास. वेग बदलायला दर वेळी पट्टा हलवावा लागतो, पण बिघडायला त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. त्यांच्याच डीव्हीआर मालिकेत पट्टाच नाही. स्पिंडल हीच मोटर आणि भार वाढला की संगणकीय नियंत्रण ताकद वाढवतं. चालवायला सुखाचा आहे. पण सर्किट बोर्ड गेला तर तो सांगली-सोलापुरात दुरुस्त होईल का, हा विचार घेणाऱ्यानेच करायचा.

स्विंगबद्दल थोडक्यात

बारा इंच स्विंग म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंत सहा इंच. पण हत्यार टेकवायचा टूल रेस्ट ज्या पायावर सरकतो, तो ‘बँजो’ बेडच्या वर असतो. त्यावरून मोजलं तर दोन-अडीच इंच कमी भरतात. त्यामुळे बारा इंचांच्या यंत्रावर आरामात करता येणारा खोल वाडगा दहा इंचांच्या आतलाच. ज्याला खरोखर बारा इंचांचे वाडगे करायचे आहेत, त्याने सोळाच्या आसपास बघावं.

काही लेथचं डोकं, म्हणजे हेडस्टॉक, फिरवता येतं किंवा बेडच्या टोकाला सरकवता येतं. नोव्हा १६२४ आणि इंग्लंडच्या रेकॉर्ड पॉवरचा कॉरोनेट हेरल्ड यांचं डोकं फिरतं. याचा फायदा मोठ्या व्यासापेक्षा पाठीला जास्त होतो. वाडगा आतून कोरताना बेडवर ओणवं व्हावं लागत नाही.

पाठीवरून आठवलं. स्पिंडलची उंची उभं राहिल्यावर कोपराएवढी किंवा बोटभर जास्त असावी. परदेशी स्टँड परदेशी उंचीच्या माणसांसाठी केलेले असतात. पाच फूट तीन इंचांच्या माणसाने पायाखाली फळ्यांचं व्यासपीठ करावं किंवा स्टँड स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा.

आटे जुळतात का?

हा मुद्दा नीरस वाटतो आणि नेमका यातच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. लाकूड पकडणारा चक लेथच्या स्पिंडलवर आट्यांनी बसतो. अमेरिकी मिडी लेथवर बहुतेक वेळा एक इंच, आठ आट्यांचा स्पिंडल असतो. मोठ्या अमेरिकी लेथवर सव्वा इंच, आठ आटे. युरोपात आणि इंग्लंडमध्ये एम३३ गुणिले ३.५ जास्त चालतो. छोट्या लेथसाठी घेतलेला महागडा चक मोठ्यावर बसेलच असं नाही.

ज्या चकमध्ये मधला आट्यांचा तुकडा बदलता येतो, त्याचा फक्त तेवढा तुकडा नवीन घ्यावा लागतो. असा चक नसेल तर अडॅप्टर मिळतात, पण ते वस्तू बेअरिंगपासून इंचभर लांब नेतात आणि थरथर पुन्हा दारात येते. घाईत चालवून घ्यायला ठीक, कायमचा उपाय नाही.

भारतात आणखी एक फसवणूक होते, आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या एक इंची व्हिटवर्थ आट्यांतही इंचाला आठच आटे असतात. पण त्यांचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. त्यामुळे चक बसल्यासारखा वाटतो, पण नीट टेकत नाही. स्थानिक टर्नरकडून फेसप्लेट करून घेताना ‘एक इंच, आठ आटे’ एवढंच सांगू नका, नमुना म्हणून चक हातात द्या. एम३३ हा तर प्रमाणित मेट्रिक आकार आहे. औद्योगिक वसाहतीतला कुठलाही चांगला टर्नर तो काढून देईल.

स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भोकाचाही आकार बघा. मिनी लेथमध्ये पुष्कळदा मोर्स टेपर क्रमांक १ असतो, त्यावरच्या यंत्रांत जवळपास सर्वत्र क्रमांक २. एकावरून दोनवर जाणाऱ्याला सेंटर आणि ड्रिल चक पुन्हा घ्यावे लागतात.

लेथ उलटा फिरवण्याची सोय काचपेपर मारताना फार उपयोगी पडते. पण उलटं फिरताना चक आट्यांवरून सुटून येऊ शकतो. चकला आणि स्पिंडलला अडवणारा छोटा स्क्रू नसेल तर ते बटण वापरू नये.

वीज आणि लोडशेडिंग

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. तिथे एक ते दीड हॉर्सपॉवरचा लेथ बहुधा घरातल्या नेहमीच्या ११०-१२० व्होल्टच्या प्लगवर चालतो. पण लगूना रेव्हो १८-३६ किंवा पॉवरमॅटिक ३५२०सी यांसारख्या दोन हॉर्सपॉवरच्या यंत्रांना २२० व्होल्टची जोडणी लागते. गॅरेजमध्ये ती नसेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा.

कुणी येताना तिकडून लेथ आणायचा विचार करत असेल, तर आधी मोटरवरची पाटी वाचावी. ११० व्होल्टची मोटर आपल्या २३० व्होल्टवर जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी साधी इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर, तिकडच्या ६० हर्ट्झच्या तुलनेत, सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि जास्त तापते.

भारतात दीड हॉर्सपॉवरपर्यंतचा लेथ घरच्या सिंगल फेजवर चालतो, पण त्याला छोटा ६ अँपिअरचा नव्हे, गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. स्थानिक बनावटीच्या यंत्राला थ्री फेज मोटर असेल तर वेगळी जोडणी घ्यायलाच हवी असं नाही. सिंगल फेजवर चालणारा योग्य क्षमतेचा व्हीएफडी लावला की मोटरही चालते आणि वेगही बदलता येतो.

आता लोडशेडिंग. काम चालू असताना वीज गेली, तुम्ही चहाला गेलात, आणि वीज आली. साधं बटण असेल तर लेथ आपोआप सुरू होतो, कदाचित टूल रेस्ट लाकडाला टेकलेला असताना. ‘नो व्होल्ट रिलीज’ प्रकारचं स्विच वीज गेली की स्वतःच बंद होतं आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. स्थानिक लेथवर ते नसेल तर पहिल्याच दिवशी बसवून घ्यावं. महाराष्ट्रातल्या गावात हे स्विच हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाचं आहे.

इलेक्ट्रॉनिक वेगाच्या यंत्रांत अजून एक सापळा असतो. काल पेन केलं, खुंटी ३००० वर राहिली. आज वाडग्याचा ठोकळा चढवला आणि बटण दाबलं. म्हणून बंद करताना खुंटी शून्यावर आणणं आणि सुरू करताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेतून बाजूला उभं राहणं, या दोन सवयी मोठ्या यंत्राबरोबर लावून घ्याव्याच लागतात. पूर्ण चेहरा झाकणारं शील्ड तर हवंच. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली माळ किंवा मंगळसूत्र लेथपाशी नको. मोकळे केस बांधावेत.

पैशांचा खरा हिशेब

सगळं बजेट यंत्रात घालणं ही या छंदातली नेहमीची चूक. चक, त्याचे जबडे, दोन-तीन चांगल्या हाय स्पीड स्टीलच्या गोल पटाश्या म्हणजे गाऊज, धार लावायचा ग्राइंडर आणि धारेचा कोन कायम ठेवणारा जिग, फेस शील्ड, धुळीचा मास्क. हे मिळून यंत्राच्या निम्मे ते जवळपास तेवढेच पैसे सहज जातात. दोन लाख हातात असतील तर सव्वा लाखाचा लेथ बघावा. दोन लाखांचा लेथ आणि बोथट पटाशी ही जोडी कामाची नाही.

मास्कवर पैसे वाचवू नयेत. लाकडाची बारीक धूळ ही माणसात कर्करोग घडवणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे. मोठ्या वाडग्यांबरोबर काचपेपरचं काम वाढतं आणि धूळही. साग आणि शिसमाची धूळ काहींना त्वचेवर किंवा श्वासाला लगेच त्रास देते.

घेण्याआधी हात लावून बघा

नवा असो वा जुना, लेथ फोटोवर घेऊ नये. जाताना आपला एक ठोकळा आणि धार लावलेली पटाशी बरोबर न्यावी. विक्रेता कापून बघू देत नसेल, तर तिथेच उत्तर मिळालं.

दोन्ही बाजूंना टोकदार सेंटर लावा आणि टेलस्टॉक सरकवून टोकाला टोक भिडवा. ती एकमेकांसमोर यायला हवीत. ज्याचं डोकं फिरतं त्या लेथमध्ये हे खास बघावं, कारण डोकं फिरवून परत जागेवर आणल्यावर टोकं पुन्हा जुळली पाहिजेत. स्पिंडलला फेसप्लेट लावून दोन्ही हातांनी पुढेमागे हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलता येतं, पण किंमत त्या हिशेबाने कमी व्हायला हवी.

बँजोची मूठ एकदा दाबून घट्ट बसते का, की दर वेळी हातोडी मारावी लागते? टूल रेस्टच्या एका टोकावर अंगठ्याने जोर द्या. तो लवत असेल तर हत्यारही लवेल. मग रिकामा लेथ सर्वांत खालच्या वेगावर सुरू करा. धक्के देत फिरतोय का बघा. हळूहळू वेग वाढवा आणि बेडवर तळहात ठेवा. एखाद्या ठरावीक वेगाला थरथर येऊन पुढे जाते ती बहुतेक यंत्रांत असतेच. सगळ्याच वेगांना असेल तर पुली किंवा स्पिंडल वाकडा आहे.

शेवटी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. पट्ट्याचा नंबर काय आणि तो स्थानिक बाजारात मिळतो का? कंट्रोल बोर्ड गेला तर कुठून येणार, किती दिवसांत, किती रुपयांना? परदेशी यंत्र घेताना या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. गोलमोल मिळालं तर पुलीवाला साधा लेथ जास्त शहाणपणाचा.

दीडशे-दोनशे किलोचं यंत्र जिन्यातून वर कसं जाणार, हेही आधीच ठरवावं. हेडस्टॉक, टेलस्टॉक आणि मोटर सुटी करून चार खेपांत नेता येते. तळमजल्याची जागा असेल तर शेजारीही दुवा देतात. आणि जुना मिनी लेथ लगेच विकायची घाई नको. त्यावर पॉलिशचं चाक कायमचं लावून ठेवता येतं, पेनं आणि भोवरे त्यावरच पटकन होतात, आणि मोठ्यावर अर्धवट कोरलेला वाडगा चकमधून न काढता छोटं काम उरकता येतं.